गिळलेल्या वाक्यांची यादी : नाती, समाधान आणि धैर्य यांसाठी एक व्यावहारिक पद्धत

बैठकीत एखादी चूक स्पष्ट दिसत असते, पण वरिष्ठांसमोर ती दाखवण्याचा धीर होत नाही. भावाने अडचणीच्या काळात केलेल्या मदतीबद्दल त्याला दोन शब्द सांगायचे असतात, पण आता इतक्या उशिरा ते विचित्र वाटेल म्हणून राहून जातात. मैत्रिणीच्या एका बोलण्याने मन दुखावलेले असते, पण विषय काढला तर वाढेल या भीतीने आपण गप्प बसतो आणि पुढे नकळत तिचे फोन घेण्याचे टाळू लागतो. निरोगी नाती, समाधान आणि धैर्य या तीन गोष्टींवर सहसा वेगवेगळे लिहिले जाते. प्रत्यक्ष जगण्यात मात्र त्या अशा एखाद्या न बोललेल्या वाक्यापाशी एकत्र येतात. वाक्य गिळले की नात्यात अढी बसते, अढी बसली की मन आतल्या आत कुढते, आणि कुढलेल्या मनाला पुढच्या वेळी बोलण्याचा धीर आणखी कमी होतो. हे चक्र उलट फिरवण्याची एक पद्धत येथे पायरीपायरीने मांडली आहे. तिला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात आणि साहित्य म्हणून एक वही पुरते.

सुरुवात नात्यांपासून करण्याला कारण आहे. हार्वर्ड विद्यापीठाशी संबंधित असलेला, १९३८ साली सुरू झालेला प्रौढ जीवनाचा अभ्यास अनेक दशके चालू राहिला. त्यात एकूण ७२४ पुरुषांच्या आयुष्याचा मागोवा घेण्यात आला : २६८ त्या विद्यापीठातील विद्यार्थी होते, तर ४५६ बॉस्टन शहराच्या गरीब वस्त्यांतील मुले होती. पन्नाशीत आपल्या नात्यांबाबत जे अधिक समाधानी होते, ते ऐंशीव्या वर्षी अधिक निरोगी आढळले. पन्नाशीतील कोलेस्टेरॉलच्या पातळीपेक्षाही हे समाधान पुढच्या आरोग्याचा अंदाज देण्यास अधिक उपयोगी ठरले. नाती चांगली म्हणजे त्यांत वादच नव्हते असे मात्र नाही. अडचणीच्या वेळी या माणसावर विसंबता येईल, हा विश्वास महत्त्वाचा होता, आणि असा विश्वास मनातले बोलता येते तेथेच तयार होतो.

एक मर्यादा आधीच सांगणे आवश्यक आहे. ज्या नात्यात मारहाण, धमकी किंवा सततची दहशत आहे, तेथे ही पद्धत वापरू नये. तेथे मोकळे बोलण्याआधी सुरक्षित जागा आणि विश्वासू माणसांचे पाठबळ शोधणे हेच पहिले काम आहे. तसेच आठवडेच्या आठवडे झोप, भूक आणि कामातील रस हरवलेला असेल, तर वही बाजूला ठेवून आधी डॉक्टरांचा किंवा मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

पहिली पायरी : यादी लिहिणे

एका शांत संध्याकाळी वही घेऊन बसावे आणि गेल्या वर्षभरात बोलायची राहून गेलेली वाक्ये आठवतील तशी लिहून काढावीत. प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी हव्यात : माणूस कोण, वाक्य नेमके काय, आणि ते बोललो तर काय होईल अशी भीती वाटते. तिसरी गोष्ट टाळण्याचा मोह होतो, पण तीच सर्वांत उपयोगी असते. मनात असताना भीती अवाढव्य वाटते. कागदावर ती बहुधा ‘त्यांना राग येईल’, ‘मी वेडगळ दिसेन’ किंवा ‘ते नाही म्हणतील’ यांपैकी एखाद्या साध्या वाक्यात मावते.

वाक्य जसे बोलायचे तसेच लिहावे. ‘बहिणीशी नाते सुधारणे’ ही नोंद नव्हे, तो संकल्प झाला. ‘ताई, त्या वेळी तू माझ्या बाजूने उभी राहिली नाहीस, याचे मला अजून वाईट वाटते’ ही नोंद झाली.

यादी पूर्ण झाली की प्रत्येक वाक्य कोणत्या जातीचे आहे ते पाहावे : कृतज्ञता, विनंती, तक्रार, नकार, माफी, की कामाच्या ठिकाणची हरकत. माझी स्वतःची पहिली यादी केली, तेव्हा तीत तक्रारीच असतील अशी माझी खात्री होती. प्रत्यक्षात जवळजवळ निम्मी वाक्ये कौतुकाची आणि आभाराची निघाली, आणि ती बोलण्यापासून मला कोणी अडवले होते याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

शेवटी प्रत्येक नोंदीसमोर एक ते दहा असा कठीणपणाचा आकडा लिहावा. यापुढचा क्रम या आकड्याप्रमाणे चालतो, सोप्याकडून अवघडाकडे. भीती हळूहळू कमी करण्याची ही रीत जुनी आहे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ महिलेने सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलावरील आपले काम प्रसिद्ध केले. मुलगा आवडीचे खाणे खात असताना ससा दूर ठेवला जाई आणि त्याला सोसेल तसा थोडाथोडा जवळ आणला जाई. अखेरीस मूल त्या सशाला हात लावू लागले. पहिल्याच दिवशी ससा मांडीवर ठेवला असता तर भीती वाढली असती. अनेक जण नेमके हेच करतात : धाडस करायचे ठरवले की थेट दहा आकड्याच्या वाक्याला हात घालतात, तोंडघशी पडतात आणि ‘आपल्याला हे जमणारे नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतात.

मराठीत ‘धीर’ हा शब्द धाडसासाठीही वापरतात आणि संयमासाठीही. ‘धीर होत नाही’ म्हणताना पहिला अर्थ असतो, ‘धीर धर’ म्हणताना दुसरा. या यादीला दोन्ही अर्थांनी धीर लागतो.

दुसरी पायरी : कृतज्ञता आणि कौतुक

पहिले दोन आठवडे केवळ याच जातीच्या वाक्यांना द्यावेत. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना कोणाला तरी कृतज्ञतेचे पत्र लिहायला सांगितले आणि ते वाचून समोरच्याला काय वाटेल याचा अंदाज विचारला. नंतर पत्र मिळालेल्या माणसांनाही विचारण्यात आले. लिहिणाऱ्यांचा अंदाज दोन बाजूंनी चुकला : समोरच्याला अवघडल्यासारखे वाटेल ही भीती त्यांनी फुगवून धरली होती, आणि त्याला होणारा आनंद कमी धरला होता. पत्र लिहिणारा शब्द नीट जमले का, याची काळजी करत बसतो. वाचणाऱ्याचे लक्ष मात्र त्यातल्या आपुलकीकडे असते.

कौतुक करताना ते नेमके असावे. ‘तुमचे काम छान असते’ या वाक्याने शिष्टाचार पूर्ण होतो, पण मनात काही राहत नाही. ‘गेल्या महिन्यात तुम्ही माझा अहवाल रात्री उशिरा थांबून तपासलात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी मला आत्मविश्वासाने बोलता आले’ यात प्रसंग आहे, कृती आहे आणि तिचा परिणाम आहे. या तीन गोष्टी असल्या की कौतुक आणि खुशामत यांत गल्लत होत नाही. कौतुकाला विनंती जोडू नये. ‘तुम्ही फार मदत करता, म्हणून आणखी एक काम होते’ असे म्हटले की आधीचे शब्द वाया जातात.

याच दोन आठवड्यांत दुसरी एक सवय लावावी, आणि माझ्या मते ती या संपूर्ण लेखातील सर्वांत स्वस्त व सर्वांत फलदायी गोष्ट आहे. समोरचा आपली चांगली बातमी सांगतो तेव्हा आपण काय करतो, याकडे लक्ष द्यावे. शेली गेबल आणि सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसले की जोडीदाराच्या आनंदाच्या बातमीला उत्साहाने आणि रस घेऊन प्रतिसाद देणाऱ्यांच्या नात्यात समाधान व जवळीक अधिक असते. मोबाइलवरून नजर न काढता ‘अरे वा’ म्हणणे, किंवा ‘पण मग जबाबदारीही वाढेल’ अशी शंका लगेच काढणे, हे दोन्ही प्रतिसाद नात्याला मारक ठरतात. बातमी ऐकताच हातातले काम खाली ठेवावे आणि निदान दोन प्रश्न विचारावेत : कसे घडले, आणि तुला त्या क्षणी काय वाटले. एवढेच.

वैवाहिक नात्यांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी नवविवाहित जोडप्यांचा सहा वर्षांनी पुन्हा मागोवा घेतला तेव्हाही असाच प्रकार आढळला. दिवसभरात जोडीदार लक्ष वेधण्याचे लहानसहान प्रयत्न करत असतो. खिडकीबाहेरचे काही दाखवतो, उसासा टाकतो, उगाच काही विचारतो. लग्न टिकलेल्या जोडप्यांनी अशा हाकांना सुमारे ८६ टक्के वेळा ओ दिली होती, तर विभक्त झालेल्यांनी सुमारे ३३ टक्के वेळा. मोठी भांडणे सर्वांच्या लक्षात राहतात, पण नाते बहुधा अशा किरकोळ क्षणी घडते किंवा विरते.

तिसरी पायरी : विनंती

मदत मागताना आपण समोरच्याचा नकार आधीच गृहीत धरतो. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक यांच्या २००८ सालच्या अभ्यासात लोकांना अनोळखी माणसांकडे छोट्या मदती मागायला सांगितले, तेव्हा किती जण होकार देतील याचा त्यांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच कमी निघाला. समोर उभे राहून मागितलेल्या मदतीला नकार देणेही अवघड असते, हे मागणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. यातून एक जबाबदारीही येते : विनंती अशी करावी की समोरच्याला नाही म्हणण्याची वाट मोकळी राहील. काय हवे, किती वेळ लागेल आणि केव्हापर्यंत हवे, हे सांगावे आणि तेथेच थांबावे.

चौथी पायरी : तक्रार

येथे खरी कसोटी लागते, म्हणून या पायरीवर घाई करू नये. तक्रार आणि दोषारोप यांतील फरक आधी पक्का करावा. ‘काल सहा वाजता येतो म्हणालास आणि आठ वाजता आलास, मी काळजीत होते’ ही तक्रार आहे, कारण ती एका घटनेविषयी आहे. ‘तुला दुसऱ्याच्या वेळेची किंमतच नाही’ हा दोषारोप आहे, कारण तो माणसाच्या स्वभावाविषयी आहे, आणि स्वभावावर बोट ठेवले की माणूस ऐकणे थांबवून बचावाला उभा राहतो. गॉटमन यांनी नात्याला घातक अशा चार गोष्टी वेगळ्या काढल्या आहेत : स्वभावावर टीका, तुच्छता, सतत बचावाचा पवित्रा आणि संवादच बंद करणे. यांपैकी तुच्छता त्यांना सर्वांत घातक आढळली. आपल्याकडचा टोमणा हा तुच्छतेचाच सभ्य वेशातला प्रकार आहे, आणि अबोला हा चौथ्या प्रकारात मोडतो. ‘नेहमी’, ‘कधीच’ आणि ‘प्रत्येक वेळी’ हे शब्द वहीतील वाक्यात आले असतील तर ते खोडून वाक्य पुन्हा लिहावे.

वाक्य चार तुकड्यांत बांधता येते : काय घडले, मला काय वाटले, मला कशाची गरज आहे, आणि आता मी काय मागतो आहे. उदाहरणार्थ : ‘गेल्या दोन बैठकांत माझे बोलणे पूर्ण होण्याआधी तुम्ही पुढचा विषय घेतलात. मला अपमान वाटला. माझा मुद्दा संपवायला दोन मिनिटे मिळावीत, एवढीच माझी अपेक्षा आहे. पुढच्या बैठकीत तसे करता येईल का?’ घटनेच्या जागी कॅमेऱ्यात दिसेल एवढेच सांगावे. ‘तुम्ही मला मुद्दाम डावललेत’ हे कॅमेऱ्यात दिसत नाही. तो आपला तर्क आहे, आणि तर्क चुकू शकतो.

वेळ निवडणे हीसुद्धा कलाच आहे. समोरचा उपाशी, दमलेला किंवा बाहेर पडण्याच्या घाईत असताना विषय काढू नये. ‘मला एका गोष्टीबद्दल दहा मिनिटे बोलायचे आहे, आज केव्हा जमेल?’ असे आधी विचारावे. सिबिल कॅरेर आणि गॉटमन यांनी १९९९ साली दाखवून दिले की वादाच्या पहिल्या तीन मिनिटांतील सूर पाहूनही जोडप्याच्या पुढील भवितव्याचा अंदाज बांधता येतो. सुरुवात कडवट झाली तर शेवट गोड होण्याची शक्यता कमीच. त्यामुळे पहिले वाक्य पाठ करून जावे, पुढचे सुचेल तसे बोलावे.

बोलता बोलता छाती धडधडू लागली, आवाज चढला किंवा डोक्यात शब्दच उरले नाहीत, तर थांबावे. शरीर अशा स्थितीत गेल्यावर समजूतदार संवाद होत नाही. ‘मला शांत व्हायला अर्धा तास दे, मग आपण पुन्हा बसू’ असे सांगून उठावे. शरीर निवळायला निदान वीस मिनिटे लागतात. परतण्याची वेळ सांगितली नाही तर या थांबण्याचा अबोला होतो, आणि त्या अर्ध्या तासात मनातल्या मनात भांडण पुढे चालू ठेवले तर थांबण्याचा काही उपयोग होत नाही.

प्रत्येक तक्रार सुटेलच अशी अपेक्षा ठेवू नये. गॉटमन यांच्या निरीक्षणानुसार जोडप्यांमधील सुमारे ६९ टक्के मतभेद कायमचे असतात, कारण ते स्वभावांच्या किंवा गरजांच्या फरकातून येतात. एकाला काटेकोरपणा हवा असतो, दुसऱ्याला मोकळेपणा. असे मतभेद मिटवण्यापेक्षा त्यांविषयी चेष्टामस्करीत बोलता येणे हे मोठे यश मानावे. वादाच्या वेळीसुद्धा एका कडू शब्दामागे पाच गोड क्षण असणाऱ्या जोडप्यांची नाती टिकतात, असेही त्यांना आढळले. दुसरी पायरी तक्रारीच्या आधी ठेवण्याचे कारण हेच. कोरड्या नात्यात पहिलीच गोष्ट तक्रारीची निघाली तर ती पेलत नाही.

पाचवी पायरी : नकार आणि माफी

‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण नकार न देता येणाऱ्या माणसांसाठीच असावी. भिडेखातर दिलेला होकार कामात दिरंगाई होऊन बाहेर पडतो, आणि मग समोरच्याला नकारही मिळत नाही व कामही मिळत नाही. नकाराचे वाक्य लहान असावे : ‘मला विचारलेत याबद्दल आभार, पण हे मला जमणार नाही.’ कारण द्यायचे तर खरे आणि एकच द्यावे. तीन कारणे दिली की समोरचा एकेक कारण दूर करत जातो आणि शेवटी आपण पुन्हा होकारापाशी येऊन पोहोचतो. लगेच नाही म्हणवत नसेल तर ‘उद्या सकाळी सांगतो’ एवढे म्हणण्याची सवय लावावी, आणि सकाळी खरोखर सांगावे.

माफीची गोष्ट याच्या उलट आहे. तेथे आपण फार बोलतो. ‘तुला वाईट वाटले असेल तर क्षमस्व’ ही माफी नव्हे, कारण तीत चूक समोरच्याच्या हळवेपणावर ढकललेली असते. रॉय लेविकी आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली माफीचे सहा घटक तपासले, त्यांत ‘चूक माझी होती’ ही कबुली सर्वांत परिणामकारक ठरली, त्याखालोखाल नुकसान भरून देण्याची तयारी. ‘मला क्षमा कर’ ही याचना सर्वांत कमी उपयोगी ठरली. म्हणून चूक नेमकी सांगावी, ती आपली म्हणावी, काय भरपाई करणार ते सांगावे आणि गप्प बसावे. क्षमा करायची की नाही, आणि केव्हा, हे समोरच्याने ठरवायचे आहे. माफीच्या वाक्यात ‘पण’ आला की त्याच्या आधीचे सारे पुसले जाते.

सहावी पायरी : कामाच्या ठिकाणची हरकत

येथे किंमत मोठी असू शकते, त्यामुळे केवळ ‘निर्भय व्हा’ असे सांगणे बेजबाबदारपणाचे ठरेल. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. आदल्या रात्री अग्निबाण बनवणाऱ्या कंपनीतील अभियंत्यांनी थंडीमुळे सांध्यांतील रबरी कडी काम करणार नाही असा इशारा देऊन उड्डाणाला विरोध केला होता. व्यवस्थापनाने तो बाजूला सारला. म्हणजे बोलणाऱ्याचे धैर्य अर्धेच काम करते, उरलेले अर्धे ऐकणाऱ्याने करायचे असते.

एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील औषधचुकांचा अभ्यास करताना चांगल्या गटांत चुका कमी असतील असे धरले होते. प्रत्यक्षात चांगल्या गटांत नोंदवलेल्या चुका अधिक दिसल्या. उलगडा असा झाला की तेथे चुका लपवल्या जात नव्हत्या. १९९९ साली त्यांनी ५१ कार्यगटांच्या अभ्यासातून ‘मानसिक सुरक्षितता’ ही संकल्पना मांडली : प्रश्न विचारला, चूक कबूल केली किंवा वेगळे मत मांडले तरी आपला पाणउतारा होणार नाही, हा गटातील विश्वास. आपण वरिष्ठ असाल तर हा विश्वास तयार करणे आपले काम आहे. बैठकीत आपले मत शेवटी सांगावे, ‘यात माझ्या नजरेतून काय सुटले आहे?’ असे विचारून उत्तरासाठी अस्वस्थ वाटेपर्यंत थांबावे, आणि पहिली वाईट बातमी आणणाऱ्याचे सर्वांसमोर आभार मानावेत. दुसऱ्या माणसाने बातमी आणावी की नाही, हे पहिल्याच्या वाट्याला काय आले यावरून ठरते.

आपण कनिष्ठ असाल तर हरकत प्रश्नाच्या रूपात आणि शक्यतो बैठकीआधी एकांतात मांडावी. आकडे सोबत असावेत. आपल्यासारखेच वाटणारा एखादा सहकारी आधी शोधावा, कारण एकट्याचा आक्षेप स्वभावदोष ठरतो आणि दोघांचा आक्षेप मुद्दा ठरतो. ऐन वेळी जीभ अडखळत असेल तर पीटर गॉलविट्झर यांनी अभ्यासलेली ‘जर–तर’ पद्धत वापरावी : ‘जर मुदतीचा विषय निघाला, तर मी हात वर करून चाचणीच्या दिवसांबद्दल विचारेन.’ प्रसंग आणि कृती अशी आधी बांधून ठेवली की त्या क्षणी निर्णय घेण्याचा भार उरत नाही. गंभीर बाब असेल तर बोलणे झाल्यावर त्याच दिवशी त्याचा सारांश ईमेलने पाठवावा.

यादीत माणसेच नसतील तर

काहींची वही कोरी राहते, कारण ज्याच्याशी बोलायचे राहिले असे कोणी उरलेलेच नसते. त्यांनी हताश होऊ नये, मात्र वेळेचा हिशेब ठेवावा. जेफ्री हॉल यांच्या २०१८ सालच्या अभ्यासात ओळखीचे रूपांतर जुजबी मैत्रीत व्हायला सुमारे ५० तास, मैत्रीत व्हायला सुमारे ९० तास आणि घनिष्ठ मैत्रीत व्हायला २०० हून अधिक तास एकत्र घालवावे लागल्याचे दिसले. शेजारी बसून काम केल्याचे तास यात फारसे उपयोगी पडत नाहीत. गप्पांचे, भटकण्याचे, एकत्र हसण्याचे तास लागतात. म्हणून दर आठवड्याला तीच माणसे भेटतील असा एखादा वर्ग, गायनाचा गट किंवा खेळाचा संघ निवडावा आणि निदान तीन महिने सोडू नये. पहिल्या चार भेटींत मैत्री झाली नाही, यात नापास होण्यासारखे काही नाही; अजून तास भरायचे आहेत.

आढावा

आठ आठवड्यांनी वही पुन्हा उघडावी. बोललेल्या प्रत्येक वाक्यासमोर प्रत्यक्षात काय घडले ते लिहावे आणि त्याची आधी लिहिलेल्या भीतीशी तुलना करावी. काही ठिकाणी भीती खरी निघालेली असेल, आणि ती तशीच नोंदवावी. सोयीचा हिशेब कामाचा नाही. न बोललेली वाक्ये उरतीलच. टॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी १९९४ साली दाखवल्याप्रमाणे नजीकच्या काळात माणसाला केलेल्या गोष्टींचा पश्चात्ताप अधिक होतो, पण मागे वळून पूर्ण आयुष्याकडे पाहताना न केलेल्या गोष्टी अधिक सलतात. म्हणून उरलेले प्रत्येक वाक्य वाचून स्वतःला विचारावे, की दहा वर्षांनी हे न बोलल्याचे वाईट वाटेल का. होय असेल तर त्यापुढे तारीख लिहावी.

नाही असेल तर ते खोडून टाकावे. काही वाक्ये केवळ आपले मन हलके करण्यासाठी दुसऱ्यावर टाकायची असतात, काहींचा काळ गेलेला असतो, आणि काहींचा माणूस ते ऐकण्याच्या स्थितीत नसतो. माझ्या यादीतील एक वाक्य मी असेच खोडले. ज्याला ते सांगायचे होते, त्याच्याशी गेल्या रविवारी दीड तास फोनवर बोलणे झाले, आणि त्या वाक्याची गरज दोघांनाही पडली नाही.